फोन आणि मधला माणूस

ट्रंक कॉल हा शब्द आजच्या कॉलेजातल्या मुलासमोर उच्चारला, तर त्याला बहुधा हत्तीची सोंड आठवेल. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना मात्र तो शब्द ऐकताच घड्याळ आठवते. परगावी बोलायचे असेल तर आधी एक्सचेंजला फोन करून कॉल नोंदवायचा. साधा, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचे. मग वाट पाहायची. एक तास, दोन तास, कधी दुपारची रात्र व्हायची. घरातल्या एकाने फोनजवळून हलायचे नाही. मध्येच दुसऱ्या कोणाचा फोन आला, तर ‘आमचा ट्रंक लागायचाय’ असे सांगून त्याला तो ठेवायला लावायचे. शेवटी एकदाची घंटा वाजली, की ऑपरेटरचा आवाज, मग खरखर, आणि मग दोन्ही टोकांकडून एकाच वेळी ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ तीन मिनिटे झाली, की ऑपरेटर पुन्हा मध्ये बोलणार : वाढवायचे का? मुलगी पसंत पडल्याचा निरोप, बाळंतपण, मृत्यू, बदलीची ऑर्डर, सगळे त्या तीन मिनिटांत आणि सगळे त्या तिसऱ्या माणसाच्या साक्षीने.

या तिसऱ्या, मधल्या माणसाविषयी आज बोलायचे आहे. स्मार्टफोनने रोजचे जगणे सोयीचे केले, असे आपण सगळेच म्हणतो. वेळ वाचतो, खेप वाचते, पायपीट वाचते. हे खरेच आहे. पण दूरध्वनीचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास चाळताना मला त्यात एक धागा सलग दिसत गेला. प्रत्येक टप्प्यावर या यंत्राने कोणीतरी एक मधला माणूस बाजूला केला. कधी तो बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये होता, कधी माणूस आणि त्याचे सरकारदरबारचे काम यांच्या मध्ये होता. कोणाला विचारावे लागत नाही, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, ही सोय मिनिटांत मोजता येत नाही. म्हणून तिचा हिशेब आपण फारसा मांडत नाही.

सुरुवातही मोठी गमतीची आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे सामान आणि व्यवस्था पुरवण्याचा धंदा करीत असे. त्या काळी फोन उचलून ऑपरेटरला सांगायचे, ‘मला अमक्याशी जोडून द्या.’ स्ट्राउजरच्या मनाने असे घेतले, की त्याच्याकडे येणारे फोन ऑपरेटरबाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात. त्या बाई त्या प्रतिस्पर्ध्याच्याच घरातल्या होत्या, असेही सांगतात. यातले खरे किती आणि तिखटमीठ किती, कोण जाणे. पण या माणसाने चिडून अर्ज-तक्रारी करण्याऐवजी ऑपरेटरच नको असे यंत्र बनवले. १८९१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यात ला पोर्ट गावी त्या तत्त्वावरचे पहिले स्वयंचलित एक्सचेंज सुरू झाले. आपण ज्याला नंबर फिरवणे म्हणत आलो, त्याचे मूळ तिथे आहे. मधल्या माणसावरचा अविश्वास हे दूरध्वनीतल्या एका मोठ्या शोधाचे कारण ठरले.

आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे १८८२ च्या जानेवारीत एक्सचेंजेस सुरू झाली. तेव्हाच्या कलकत्त्यात ग्राहक अवघे ९३. स्वयंचलित एक्सचेंज पहिल्यांदा आले ते १९१३-१४ मध्ये सिमल्याला, म्हणजे साहेब जिथे उन्हाळा काढत असे तिथे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात मिळून फोन होते सुमारे ऐंशी हजार. ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट परगावी नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. मात्र ती लहान गावांपर्यंत पोचायला पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली. तोवर ट्रंक कॉल होताच.

आणि मुळात घरी फोन होता कोणाकडे? अर्ज करून वर्षानुवर्षे थांबणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मुलाच्या मुंजीत नोंदवलेला फोन त्याच्या लग्नात आला, असा विनोद तेव्हा प्रचलित होता आणि तो ऐकून कोणी फारसे हसत नसे. त्यावर मध्यमवर्गाने काढलेली तोड म्हणजे पी.पी. नंबर. शेजाऱ्यांचा नंबर आपल्या लग्नपत्रिकेवर, आपल्या अर्जावर बिनदिक्कत छापायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचे. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या. हातातले काम टाकून धावायचे, त्यांच्या दिवाणखान्यात उभे राहायचे आणि त्यांच्या सगळ्या घरादारासमोर आपले बोलायचे. काकू फार चांगल्या होत्या. कधी कपाळाला आठी पडू दिली नाही. तरी सणासुदीला त्यांच्याकडे फराळाचे ताट जरा मोठे जायचे, त्यात फोनचाही हिशेब असे. नोकरीची मुलाखत फसली, सासरी भांडण झाले, पैशांची नड आली, असे काहीही त्या फोनवर बोलता येत नसे. बोलले जात असे ते ‘सगळे ठीक आहे, पत्राने कळवतो’ एवढेच. तेव्हाची पत्रे लांबलचक असत, त्यामागे हेही एक कारण असावे.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा हे नाव घरोघरी माहीत झाले. परदेशी एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे. आपल्या खेड्यातल्या उन्हात, धुळीत, विजेच्या लपंडावात ते टिकणार कसे? सी-डॉटच्या अभियंत्यांनी वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्सचेंज बनवले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसले. पाठोपाठ आला पीसीओ. पिवळ्या पाटीवर काळ्या-लाल अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची अरुंद खोली, आत एक पंखा, समोर लाल आकडे पळवणारे मीटर. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून जेवणे आटोपून माणसे चिल्लर मुठीत धरून रांगेत उभी राहत. पुण्यामुंबईत शिकणारी, नोकरी करणारी एक अख्खी पिढी अशी रात्री घरच्यांशी बोलली आहे.

ऑपरेटर गेला, शेजारच्या काकू सुटल्या आणि त्यांच्या जागी पीसीओवाला आला. त्याला गल्लीतली सगळी प्रेमप्रकरणे माहीत असत. पण या टप्प्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पीसीओ देताना अपंग व्यक्ती, माजी सैनिक, युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया यांना प्राधान्य असे. त्यामुळे त्या काचेच्या खोलीशेजारी अंध किंवा पायाने अधू माणूस बसलेला अनेकांनी पाहिला असेल. त्याच्यासाठी ते बूथ म्हणजे मानाने मिळालेली भाकरी होती. मोबाईल स्वस्त झाला तशी ही बूथे एकेक करून बंद पडली. मधला माणूस बाजूला झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तो कुठे गेला, त्याच्या घरी पुढे चूल कशी पेटली, हे सहसा कोणी विचारत नाही.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम होते. त्या दिवसांत मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता, आणि गंमत अशी, की आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे मोबाईल बाळगणारा माणूस तो वाजला की दचकत असे. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि सगळे चित्र पालटले. २००४ च्या अखेरीस मोबाईलची संख्या तारांच्या फोनपेक्षा जास्त झाली. याच काळात आपल्या लोकांनी एक पैसाही न देता निरोप पोचवण्याची युक्ती काढली. मिस कॉल! एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. कंपन्यांच्या हिशेबात न बसणारी ही भाषा कोणी शिकवली नव्हती.

मोबाईलने नक्की काय केले, याचा मला सर्वात पटलेला दाखला केरळचा आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९७ पर्यंत तिथला मच्छीमार मासळी घेऊन आपल्या नेहमीच्या बंदरावर येई. तिथे त्या दिवशी मासळी भरमसाट आली असेल, तर भाव कोसळे, प्रसंगी मासळी टाकून द्यावी लागे. आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरात त्याच सकाळी गिऱ्हाईक हात हलवत परत जात असे. समुद्रात असताना कोणत्या किनाऱ्यावर काय भाव आहे, हे कळायला मार्गच नव्हता. १९९७ नंतर टप्प्याटप्प्याने मोबाईलचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या लहरी किनाऱ्यापासून वीसपंचवीस किलोमीटर आत पोचत. मच्छीमार होडीतूनच फोन करून विचारू लागले. मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि विशेष म्हणजे खाणाऱ्याला मासळी चार टक्क्यांनी स्वस्तही मिळाली. हे फोन साधे, बटणांचे होते. त्यात ना नकाशा, ना कॅमेरा. नुसते विचारता येणे एवढेच भांडवल.

आता स्मार्टफोन. ‘स्मार्टफोन’ म्हणता येईल असे पहिले यंत्र बहुतेक जाणकार आयबीएमच्या ‘सायमन’ला मानतात. १९९४ साली ते अमेरिकेत विकायला आले. वजन अर्धा किलो, काचेवर लेखणीने टोचायचे, त्यातून फॅक्स करता येई, ई-मेल पाहता येई, आणि बॅटरी बोलताना तासाभरात मान टाकी. पन्नास हजारांच्या आसपास खपले आणि बंद झाले. जपानमध्ये १९९९ साली ‘आय-मोड’ आले, तिथले लोक आपल्या आधी कितीतरी वर्षे फोनवर बातम्या वाचत होते, तिकिटे काढत होते. मग ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला आणि २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

लक्षात घ्यायचे ते इतके, की या डबीतले बरेचसे कुठून कुठून गोळा झालेले आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनीने बाजारात आणली, त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले. कॅमेऱ्याची इवलीशी चकती अमेरिकेच्या अवकाश संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, अवकाशयानातले कॅमेरे हलके करण्याच्या खटपटीतून घडली. आपण कुठे उभे आहोत हे सांगणारे जीपीएस उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य माणसासाठीच्या संकेतात ते मुद्दाम चूक मिसळत. २ मे २००० रोजी त्यांनी ती चूक मिसळणे थांबवले. तोपर्यंत शंभर मीटर इकडे की तिकडे असा मामला होता, तो एका रात्रीत कितीतरी नेमका झाला. आज रिक्षावाल्याला ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे, मग पानाच्या टपरीला विचारा’ हे सांगावे लागत नाही, त्याचे मूळ त्या रात्रीत आहे. पानाची टपरी हीही एक मधलीच जागा होती म्हणा. पत्ता विचारणाऱ्याची चौकशीही तिथे होत असे.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट या डबीत शिरावी लागली, ती म्हणजे देवनागरी. सुरुवातीच्या कित्येक स्मार्टफोनवर मराठी मजकूर आला की नुसते चौकोनी ठोकळे दिसत, किंवा जोडाक्षरे फुटून वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटे. या लिप्या संगणकात बसवण्याचे मूळ काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यातून इस्की ही सांकेतिक पद्धत ठरली, आणि तिच्याच धर्तीवर १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. फोनवर ती नीट उमटायला मात्र आणखी वीसेक वर्षे लागली. तोवर मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होता आणि ‘काल’ लिहिले की ‘काळ’, हे ज्याचे त्याने ताडायचे होते. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. टंकलेखन न शिकलेला, कदाचित लिहायचा कंटाळा असलेला माणूस त्यामुळे एकदम लिहिता झाला. पूर्वी अशांची पत्रे दुसरेच कोणी तरी लिहून देत असे.

पत्रावरून मनीऑर्डर आठवली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातले, घाटावरचे हजारो कामगार खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करीत. पोस्टात रांग, अर्ज भरून देणारा कोणी शोधायचा, शेकडा पाच रुपये हशील, आणि तळाशी दोन ओळींच्या खुशालीला जागा. गावी पोस्टमन पैसे घेऊन येई, बहुधा तोच त्या दोन ओळी वाचून दाखवी आणि अंगठा घेई. म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या दोन ओळी किमान दोन परक्या माणसांच्या तोंडून जात. पोस्टमनबद्दल कोकणात किती आपुलकी होती, हे सांगायला नको. पण ती बाई त्या दोन ओळींचे उत्तर काय पाठवू शकत होती, याचा विचार केला की जीव थोडा होतो.

रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात एका नव्या कंपनीने डेटा जवळजवळ फुकट वाटायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. तिन्ही गोष्टी एकमेकींना भिडल्या. यूपीआयची कल्पना समजायला अवघड नाही. दोघांची खाती दोन निराळ्या बँकांत असतात, मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळाची यंत्रणा असते, ती एका खात्यातून वजा करवते आणि दुसऱ्यात जमा करवते, आणि हे सुटीच्या दिवशी, मध्यरात्रीही होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांचा आकडा एक हजार कोटींच्या पुढे गेला. भाजीवालीकडे सुटे नाहीत म्हणून दोन रुपयांची कोथिंबीर गळ्यात मारली जाण्याचा प्रकार त्यात जवळजवळ संपला, हे नुकसान मोजायचे की फायदा, ते ज्याने त्याने ठरवावे.

रेल्वेचे तिकीट थोडक्यात सांगतो. पहाटे चारला स्टेशनवर जाऊन रांगेत वीट ठेवून नंबर धरणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि रांग टाळण्यासाठी एजंटाला वरचे पैसे देणारे तर सगळेच ठाऊक आहेत. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली, पण छापील तिकीट कुरियरने घरी येई. ते येईपर्यंत जिवाला घोर. पुढे घरीच छापलेला कागद चालू लागला, आणि २०१२ पासून फोनवरचा संदेश आणि ओळखपत्र दाखवले तरी टी.सी. मान डोलवू लागला.

मला जास्त रेंगाळावेसे वाटते ते अंध व्यक्तींपाशी. बटणांच्या फोनवर अंध माणूस सहज नंबर लावत असे, पाचाच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून बाकीची बोटाला सापडतात. गुळगुळीत काच आली आणि त्याच्या दृष्टीने फोनच नाहीसा झाला. २००९ साली आयफोनने काचेवर बोट जिथे जाईल तिथले मोठ्याने वाचून दाखवणारी व्यवस्था आणली, पुढे अँड्रॉइडनेही आणली, आणि परिस्थिती उलटी झाली. आता आलेले पत्र, बँकेचा संदेश, वर्तमानपत्र फोनच वाचतो, कानात, फक्त त्याच्यासाठी. ब्रेलमध्ये न छापलेले काहीही वाचायचे तर पूर्वी डोळस माणूस लागे, आणि तो जे वाचेल, जितके वाचेल, तेवढेच कळे.

नोटांचेही तसेच. २०१६ नंतरच्या नव्या नोटा आकाराने लहान आणि एकमेकींच्या जवळपासच्या. जुन्या नोटा बोटांनी मापून ओळखणाऱ्यांचा अंदाज चुकू लागला. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे ॲप दिले. नोट फोनसमोर धरायची, ती कितीची आहे ते आवाजात ऐकू येते. इंटरनेटही लागत नाही. माझ्या ओळखीचे एक अंध शिक्षक आहेत. ते म्हणाले, ‘दुकानदार मला फसवत होते असे नाही हो. पण फसवत नाहीत, हे मला दरवेळी गृहीत धरावे लागायचे.’ सोयीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

शेवटी शेतावर येऊ. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातवर जमीन कोणाची ते, बारावर तिच्यात पीक कोणते ते. या बाराव्यावर शेतकऱ्याचे बरेच काही अवलंबून असते. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे बाराव्यावरची नोंद बघतात. ती नोंद तलाठ्याने शिवारात फिरून करायची असा नियम. एका तलाठ्याकडे गावे अनेक, गट शेकडो. त्यामुळे पुष्कळदा नोंद चावडीत बसून व्हायची, शेतात कापूस आणि कागदावर ज्वारी असेही व्हायचे, आणि ते दुरुस्त करायला शेतकऱ्याने खेटे घालायचे. सगळे तलाठी वाईट होते असे मुळीच नाही. पण आपल्या शेतात काय उभे आहे, हे सांगण्याचा अधिकारच शेतकऱ्याकडे नव्हता.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याहून मोठे पाऊल पडले १५ ऑगस्ट २०२१ रोजी. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनमधल्या ॲपवर पीक आणि क्षेत्र भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. तो फोटो नेमका कोणत्या जागेवरून काढला, हे त्या उपग्रहांमुळे सोबत नोंदले जाते. अमेरिकी लष्कराचे उपग्रह आणि गावनमुना बारा यांची गाठ एखाद्या सोयाबीनच्या बांधावर पडेल, असे २००० साली कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

पण इथेच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्याला फोन वापरता येतो त्याचा मधला माणूस गेला. ज्याला येत नाही, त्याला नवा मिळाला. हा नवा माणूस म्हणजे कधी नातू, कधी मोबाईल रिचार्जचा दुकानदार, कधी सेतू केंद्रातला मुलगा. पूर्वीच्या बाईची दोन ओळींची खुशाली पोस्टमनला कळत होती. आजच्या आजींचा यूपीआयचा गुप्त आकडा नातवाला ठाऊक असतो, खात्यात किती आहेत तेही, आणि ते काढून घेणेही त्याला जमते. बहुतेक नातू गुणी असतात. अंध शिक्षकांचे वाक्य मात्र इथेही आठवते. शिवाय जुना मधला माणूस कधीकधी राखणही करीत असे. निवृत्तीचे सगळे पैसे एकदम काढायला आलेल्या वृद्धाला बँकेतला ओळखीचा कारकून विचारी, ‘काका, एवढे कशाला लागतायत?’ आता पोलीस असल्याची बतावणी करून, ‘डिजिटल अटक’ म्हणून घाबरवून, तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून लोकांना लुबाडले जाते, तेव्हा तो प्रश्न विचारायला मध्ये कोणी नसते. पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरात रेडिओवरून सांगावे लागले, की कायद्यात अशी अटकच नाही.

यंत्रे बनवणाऱ्यांना याची जाणीव नाही असे नाही. साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआय करता यावे म्हणून मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वेगळी सोय आणली. तरी प्रश्न फोनच्या किमतीचा नाही, तो हातात घेऊन स्वतः चालवण्याच्या सवयीचा आहे, आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन कोणाच्या खिशात असतो याचाही आहे. तो बहुतेक घरांत बाईच्या कमरेला नसतो.

ई-पीक पाहणीतही हेच झाले. शिवारात रेंज नाही, फोन जुना, फोटो चढत नाही, मुलगा पुण्याला आणि शेतात एकटा म्हातारा, अशा कारणांनी पुष्कळ गट नोंदीवाचून राहू लागले. तेव्हा मुदतीत शेतकऱ्याची नोंद झाली नाही तर ती करण्यासाठी सहायक ठेवावे लागले. हा सहायक बांधावर येतो, शेतकऱ्याला विचारतो, आपल्या फोनवर फोटो काढतो आणि नोंद करतो. पूर्वी तलाठ्याच्या बगलेत दप्तर असे, याच्या हातात मोबाईल असतो. फरक एवढा आहे, की नोंद करण्यासाठी त्याला शेतापर्यंत चालत यावेच लागते.